विनाईल फिल्म चढवण्याआधी गाडीच्या आतील ट्रिमची दुरुस्ती : तडे, भोके आणि चिकट झालेले प्लास्टिक

पूर्णाथडी, परभणी

सर्वांना नमस्कार. आमची २०१३ सालची हॅचबॅक इंजिनाच्या बाजूने आजही ठणठणीत आहे, त्यामुळे ती काढून टाकण्याचा विचार नाही. परंतु आतील प्लास्टिकची मात्र पार रया गेली आहे. गिअरभोवतीच्या कन्सोलला स्क्रूच्या भोकापासून बोटभर लांबीचा तडा गेला आहे आणि ज्या नळीत तो स्क्रू बसतो ती नळीही मागून तुटली आहे. डॅशबोर्डवरील चंदेरी पट्टीत पूर्वी कोणीतरी मोबाइलचा स्टँड स्क्रूने बसवला होता, त्याची दोन भोके तशीच आहेत. चालकाच्या दारावर काचेच्या बटणांभोवती जे पॅनेल आहे ते हाताला चिकटते आणि नखाने खरवडले की काळा थर निघतो. दारांच्या पट्ट्यांवरील ओरखडे आणखी वेगळेच.

या सगळ्यावर मॅट काळी विनाईल फिल्म चढवून घ्यावी असे ठरवले आहे. एका दुकानात चौकशी केली तेव्हा फिल्मखाली सगळे झाकले जाते, वेगळ्या दुरुस्तीची गरज नाही, असे सांगण्यात आले. मला ते पटलेले नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि गाडी दिवसभर कार्यालयाबाहेर उघड्यावर उभी असते. अशा वेळी खालचा तडा हलत राहिला तर वरची फिल्म कितीशी टिकणार? तडा आणि भोके कशाने भरावीत, चिकट थराचे काय करावे आणि भरलेल्या जागेवर फिल्म थेट चढवता येते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

तुमची शंका रास्त आहे. रॅपिंगच्या चांगल्या कास्ट (न ताणता, द्रव पसरवून बनवलेल्या) फिल्मची जाडी गोंदाचा थर धरून साधारण ८० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा असते, आणि ती हीट गनने मऊ करून बसवली जात असल्यामुळे खालच्या पृष्ठभागाचा प्रत्येक उंचसखलपणा जसाच्या तसा उचलते. भेग, भोकाची कड, पुट्टीचा उंचवटा यांपैकी काहीही ती लपवत नाही. उलट सगळीकडे एकच रंग आल्यावर हे दोष अधिक ठळक दिसू लागतात. भोकावरून नुसतीच ताणलेली फिल्म तर उन्हात मऊ पडून आत खचते आणि तिथे कायमची वाटी तयार होते.

मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन मोल्डिंगच्या कामात आहे, म्हणून माझे पहिले सांगणे असे की पुट्टीचा डबा विकत आणण्याआधी तो भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे हे पाहून घ्या. पुढची सगळी दुरुस्ती या एका माहितीवर अवलंबून असते, आणि बहुतेक फसलेली कामे ती माहिती न घेतल्यामुळेच फसलेली असतात. पॅनेल काढून मागची बाजू ओल्या फडक्याने पुसली की दोन टोकदार कोनांच्या मध्ये उठावाची इंग्रजी अक्षरे दिसतात. आयएसओ ११४६९ या मानकानुसार दिलेली ती प्लास्टिकची ओळख असते. गाडीच्या आत मुख्यतः एबीएस, पीसी+एबीएस, पीपी किंवा पीपी+ईपीडीएम-टी२० अशा खुणा आढळतात. यातील पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे त्यात मिसळलेले रबर आणि टी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्कची भुकटी मिसळलेली आहे.

एबीएस असेल तर काम सुकर आहे, कारण हे प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते. भंगारातून आणलेल्या एबीएसच्याच एखाद्या पॅनेलचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत शुद्ध ॲसिटोनमध्ये टाकून, झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवले की काकवीसारखा दाट लगदा तयार होतो. तड्याच्या मोकळ्या टोकाला दोन मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग मागच्या बाजूने तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच कोरून त्यात हा लगदा पातळ थरांनी भरावा. ॲसिटोन उडून जाताना लगदा आकसतो, त्यामुळे एकदम जाड थर दिला तर मधोमध खळगा पडतो आणि आत बुडबुडे अडकून राहतात. शिवाय जादा ॲसिटोनने आजूबाजूचे पातळ प्लास्टिक मऊ होऊन पॅनेल वाकू शकते. वरून कोरडा वाटला तरी आतला भाग सुकायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून शेवटच्या थरानंतर दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ शून्याच्या कितीतरी खालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत मुळीच करू नये.

पीपीची गोष्ट अगदी वेगळी आहे. ॲसिटोनचा त्यावर परिणाम होत नाही आणि त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे गोंद-रंग धरून ठेवण्याची क्षमता, इतकी कमी असते की फेव्हिक्विक, ॲराल्डाइट किंवा नेहमीची पुट्टी त्यावर सुकल्यानंतर सालपटासारखी अखंड निघून येते. तिथे वेल्डिंग हाच खरा उपाय आहे. मागच्या बाजूला तड्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी ठेवून ती सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये दाबून बसवावी आणि वरून पीपीचीच काडी वितळवून जाळी बुजवावी. एबीएसची काडी पीपीवर बसत नाही आणि पीपीची एबीएसवर बसत नाही. धूर अंगावर घेऊ नका, पंखा पाठीमागून वाहू द्या.

मांजराकाठ, लातूर

वाळूजकर दादा, माहिती उत्तम आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून एक विचारते. जुन्या पॅनेलवरील खूण कधीकधी घासून गेलेली असते किंवा नेमक्या त्याच जागी तुकडा उडालेला असतो. अशा वेळी मागच्या बाजूचा छोटा कपचा पाण्यात टाकून पाहणे पुरेसे नाही का? पीपीची घनता ०.९ च्या आसपास असल्याने ते तरंगते आणि एबीएसची १.०५ च्या आसपास असल्याने ते बुडते, असे पाठ्यपुस्तकी उत्तर मला माहीत आहे.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

ताई, शुद्ध प्लास्टिकसाठी ही चाचणी अचूक आहे, पण गाडीच्या बाबतीत ती नेमकी फसवते. २० टक्के टाल्क मिसळले की पीपीची घनताही १.०४ च्या आसपास जाते आणि तो तुकडा एबीएससारखाच बुडतो. म्हणून असे म्हणावे की तरंगला तर पीपी नक्की, पण बुडाला तर निर्णय बाकी आहे. बुडालेल्या तुकड्यासाठी ॲसिटोनची चाचणी घ्या. कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला अर्धा मिनिट घासले असता पृष्ठभाग चिकट झाला आणि बोळ्याला रंग लागला तर एबीएस किंवा पीसी+एबीएस समजावे. काहीच घडले नाही तर पीपी.

पीसी+एबीएसबाबत एक सावधगिरी सांगायला हवी. त्यातील पॉलिकार्बोनेटला ॲसिटोन लागल्यास, विशेषतः तो भाग ताणाखाली असल्यास, केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. अशा पॅनेलवर लगद्याचा प्रयोग करू नये, तिथे दोन घटकांचे इपॉक्सी बरे.

गोदातीर, नांदेड

माझे नांदेडला सीट कव्हर आणि रॅपिंगचे दुकान आहे. वाळूजकर साहेबांनी जोडणीचे सांगितले, मी पृष्ठभागाचे सांगतो, कारण गिऱ्हाईक परत येते ते बहुधा पृष्ठभागामुळे येते.

सगळ्यात आधी धुणे. आपल्याकडे सर्व्हिसिंगच्या वेळी डॅशबोर्डला चकाकी आणणारे पॉलिश हमखास मारले जाते आणि त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असते. हे सिलिकॉन अंगावर असताना पॉलिश पेपर मारला तर ते ओरखड्यांत खोलवर बसते, आणि नंतर त्यावर ना प्रायमर धरतो ना फिल्म. म्हणून घासण्याआधी भांड्याच्या साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश यांनी पॅनेल दोनदा धुवावे, सुकवावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, आणि मगच पेपर हातात घ्यावा. मोबाइल दुरुस्तीवाले जे आयपीए वापरतात तेच हे.

पूर्णाथडी भाऊ, तुमच्या बटणांच्या पॅनेलवर जो चिकट थर आहे तो मळ नाही. स्पर्शाला मऊ लागावे म्हणून कारखान्यात पॉलियुरेथेनचा लेप देतात आणि उष्णता व आर्द्रता यांनी वर्षानुवर्षे त्याचे विघटन होत जाते. तो लेप वाचवण्याचा प्रयत्न करू नये, पूर्ण काढून टाकावा. आयपीएमध्ये भिजवलेले फडके त्यावर पाच-दहा मिनिटे पसरून ठेवले की तो फुगतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून निघतो. थिनर वापरू नका, खाली एबीएस असेल तर तेही विरघळेल. बटणांचा संच आधी मागून काढून घ्या, नाहीतर तो राप बटणांच्या फटीत उतरतो.

त्यानंतर रवाळ पोताचा प्रश्न येतो. दारांच्या पॅनेलवर चामड्यासारखी जी नक्षी असते तिच्या फक्त उंचवट्यांवर फिल्मचा गोंद टेकतो, खोलगट भागात हवा राहते आणि उन्हात तिथून फुगे धरतात. २४० नंबरच्या पेपरने नक्षीची टोके मोडावीत, ४०० ने सपाट करावे आणि ६०० वर थांबावे. नक्षी खोल असेल तर नुसत्या घासण्याने भागत नाही, प्रायमरचे दोन-तीन जाड हात देऊन ती बुजवावी लागते.

पुट्टी भरताना पत्र्याची पुट्टी वापरू नये. ती कडक असते आणि पॅनेल क्लिपमध्ये दाबताना जरा वाकले की तडकते. प्लास्टिकसाठीची लवचीक पुट्टी वेगळी मिळते, ती घ्या. पीपीवर ती लावण्याआधी चिकटपणा वाढवणारा प्लास्टिक प्रायमर मारणे सक्तीचे समजावे. पुट्टीची कड संपते तिथली पायरी डोळ्यांना दिसत नाही. मी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च पॅनेलला जवळजवळ टेकवून तिरकी धरतो आणि सावली कुठे तुटते ते पाहतो. मग तळव्याने नव्हे, तर पातळ सुती कापड बोटांवर घेऊन त्या जागेवरून हात फिरवतो. कापडामुळे घर्षण कमी होते आणि जी पायरी उघड्या बोटाला कळली नसती ती कळते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. उघड्या पुट्टीवर फिल्म थेट चढवू नये. पुट्टी सच्छिद्र असते, गोंदाला तिथे पक्की पकड मिळत नाही, आणि आजूबाजूच्या प्लास्टिकवर मात्र पकड घट्ट असते. उन्हात फिल्म आकसू लागली की नेमका पुट्टीचा घेर उठून दिसतो. पुट्टीवर आणि तिच्या पलीकडे चार बोटे सर्वत्र हार्डनरचा प्रायमर मारून ती बंद करावी, ६०० ने हलकेच घासावी आणि प्रायमर पूर्ण वाळू द्यावा. उन्हाळ्यात प्रायमर तासाभरात हाताला कोरडा लागतो, परंतु आतले थिनर निघायला वेळ लागतो. घाईने फिल्म चढवली तर तेच थिनर वाफ होऊन फिल्मखाली बुडबुडे धरते. प्रायमरच्या डब्यावर वाळण्याचा जो अवधी दिला असेल त्यावर मी आणखी एक दिवस सोडतो.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

गोदातीर यांच्याशी पूर्ण सहमत. पृष्ठभाग तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी पाण्याची चाचणी करून पाहावी. स्वच्छ पाण्याचा फवारा मारल्यावर पाणी एकसंध पडद्यासारखे पसरून राहिले तर पृष्ठभाग ठीक आहे. ते थेंब-थेंब होऊन गोळा झाले तर तिथे सिलिकॉन उरले आहे किंवा उघडे पीपी आहे. कारखान्यांत पीपीच्या भागांवरून ज्योत झपाट्याने फिरवून पृष्ठभागाची ऊर्जा वाढवतात, पण ती क्रिया यंत्राने आणि ठरावीक अंतरावरून होते. घरी गॅसच्या टॉर्चने तिची नक्कल करू नये.

गोदातीर, नांदेड

एका ठिकाणी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. पीपीची स्क्रूची नळी तुटली असेल तर प्रत्येकाला वेल्डिंग जमेलच असे नाही, हात चुकला तर समोरच्या बाजूला खड्डा येतो. अशा वेळी तुटलेल्या जागेभोवती मागून बारीक भोके पाडून किंवा खाचा करून त्यांत एम-सील दाबून भरले तर ते चिकटून नव्हे, पण अडकून राहते.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

अडकवण्याची युक्ती योग्य आहे आणि बिनताणाच्या जागी मीही ती सुचवेन. परंतु ज्या नळीत स्क्रू आवळायचा आहे तिथे पेचकस फिरवताना पिळ बसतो आणि भरलेला गोळा सैल होऊन आतल्या आत फिरू लागतो. तिथे जाळीचे वेल्डिंगच टिकाऊ ठरेल. जमत नसेल तर आधी भंगारातल्या पॅनेलवर हात बसवून घ्यावा.

तेरणाकाठ, धाराशिव

फार उपयुक्त धागा आहे. मला पूर्ण डॅशबोर्डच रॅप करायचा आहे. प्रवाशाच्या बाजूला वरच्या भागात दोन भेगा आहेत, त्याही अशाच भरून वरून फिल्म चढवली तर चालेल का?

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

त्या बाजूला एअरबॅग आहे का, हे आधी पाहा. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलमध्ये शेजारच्या प्रवाशाचीही. त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती असते. डॅशबोर्डवर किंवा काचेजवळ तशी अक्षरे कोरलेली दिसतील. एअरबॅग ज्या झाकणातून बाहेर येते ते झाकण मुद्दाम पातळ केलेल्या रेषांवर फाटेल असे बनवलेले असते. त्या रेषेवर पुट्टी, जाळी, इपॉक्सी किंवा फिल्म यांपैकी काहीही आले तर झाकण ठरल्याप्रमाणे उघडण्याची खात्री उरत नाही, आणि पुट्टीचे टणक तुकडे थेट चेहऱ्यावर येऊ शकतात. तो भाग, स्टिअरिंगचा मधला भाग आणि खांबांवरील ज्या पॅनेलमागे पडद्याची एअरबॅग आहे ते पॅनेल, यांना दुरुस्तीसाठी हात लावू नये. भेगा पडलेले असे झाकण बदलावेच लागते. एअरबॅगच्या जवळचे कोणतेही पॅनेल काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे.

पूर्णाथडी, परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॅनेल काढून खुणा पाहिल्या. कन्सोल एबीएसचा आहे, बटणांचे पॅनेल पीपी+ईपीडीएम-टी२० निघाले आणि चंदेरी पट्टी पीसी+एबीएसची असून तिच्यावर रंग आहे. तो रंग पूर्ण काढावा लागेल का? तसेच फिल्म कोणत्या प्रकारची घ्यावी आणि आपल्याकडच्या उन्हात ती चढवण्याची योग्य वेळ कोणती?

गोदातीर, नांदेड

रंगावर कटरने बारीक चौकटी आखून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्यात ओढा. रंग जागेवर राहिला तर ६०० ने नुसता खरखरीत करा. तुकडे निघाले तर तो सगळा घासून काढा, कारण सैल रंगावर चढवलेली फिल्म रंगालाच घेऊन उठते. त्या दोन भोकांना मागून जाळीचा तुकडा आणि इपॉक्सी लावून आधार द्या आणि समोरून पुट्टी भरा, म्हणजे अंगठ्याने दाबले तरी ती आत जाणार नाही.

फिल्म कास्टच घ्या. कॅलेंडर केलेली स्वस्त फिल्म बनवतानाच ताणलेली असते आणि उष्णतेने ती मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते, म्हणून उन्हाळ्यात तिच्या कडा आधी सुटतात. मॅटचा निर्णय चांगला आहे, पियानो ब्लॅकसारख्या चकचकीत फिल्मखाली ४०० नंबरचा ओरखडासुद्धा दिसतो. काम सकाळी लवकर, पंखा बंद ठेवून आणि फरशीवर पाणी शिंपडून करावे, कारण आपल्या काळ्या मातीची धूळ सगळीकडे पोचते आणि फिल्मखालचा एक कणही पुरळासारखा उठतो. दुपारच्या तापलेल्या पॅनेलवर गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवून नीट करण्याची सोय राहत नाही.

कड मागे आठ-दहा मिलिमीटर वळवा. फक्त तिथे आणि खोल कोपऱ्यांत थ्रीएम ९४ प्रायमरचा पातळ हात द्या, सगळ्या पॅनेलवर नको, नाहीतर पुढे फिल्म काढताना गोंद मागे राहतो. शेवटी ताणलेल्या जागांना हीट गनने ९० अंशांच्या वर तापवून फिल्मची आकसण्याची ओढ मोडतात, परंतु एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, म्हणून बंदूक एका जागी धरू नका आणि इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी ठेवा. चढवल्यानंतर दोन दिवस गाडी सावलीत उभी करा, गोंदाची पकड तेवढ्या अवधीत पक्की होते.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

एक भर घालतो. पुट्टी घासून झाल्यावर आणि प्रायमर मारण्याआधी पॅनेल एकदा गाडीत बसवून पाहा. कन्सोल आणि डॅशबोर्ड जिथे एकमेकांना भिडतात तिथली फट मुळातच बारीक असते. प्रायमर आणि दोन्ही बाजूंची फिल्म धरून तिथे पाव मिलिमीटरहून अधिक भर पडू शकते, आणि मग पॅनेल दाबून बसवताना कडेची फिल्म सोलली जाते. जिथे घासते असे दिसेल तिथली आतली कड कानशीने आधीच उतरवून घ्या. बटणे ज्या चौकोनांत बसतात त्यांच्या आत फिल्म वळवू नका, कडेला कापून सोडा, नाहीतर बटण दाबल्यावर अडकून राहील. तुटलेल्या क्लिपा त्याच मापाच्या नव्या आणून मगच अंतिम जोडणी करा. एक जरी क्लिप कमी असली तरी पॅनेल खड्ड्यांत थरथरते आणि भरलेल्या तड्यावर पुन्हा ताण येऊ लागतो.